न चाखलेलं सांबार

"तुझं नको," अविनाश म्हणाले. "सांबार."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या कुमुदला वाटलं, आपल्या हातून काहीतरी खाली पडलं. हातात तर फक्त ओला पंचा होता, आणि तो होता तिथेच होता. खुब्याचं ऑपरेशन करून घरी आणल्याला आज नववा दिवस, आणि नऊ दिवसांत या माणसाच्या पोटात जे काही गेलं ते सगळं एकत्र केलं तर लहान मुलाचं एक जेवण झालं नसतं. पेज, मऊ भात, मुगाचं कढण, जिभेला चव यावी म्हणून लोणच्याचा खार, सगळ्याला उत्तर एकच : मान भिंतीकडे. काल डॉक्टर येऊन बघून गेले. हाड जुळेल हो, म्हणाले, पण माणूस सुकत चाललाय. सोमवारपर्यंत खायला लागले नाहीत तर पुन्हा दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी गेली की... पुढचं न बोलता त्यांनी बॅगेची चेन ओढली. ते वाक्य तेव्हापासून घरात तसंच अर्धवट पडून होतं. कुमुद त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होती, बाहेर येत होती. आणि आज सकाळी अंग पुसता पुसता निशाने सहज म्हणून विचारलं, "काका, बोला ना, काय खाल? गव्हान गावाशी ताजं म्हावरं आनू काय? मासं?" तर ओठ हलले. सांबार. कुमुद पंचा घेऊन तशीच धावली. "करते की! त्यात काय, आत्ता करते." आणि मग हे. तुझं नको.

"काकू, आयकलंत? काका बोलले!" निशाचा चेहरा नुसता फुलला होता. ती सकाळी आठला यायची, संध्याकाळी आठला जायची; आजारी माणसांची उठबस करण्याचं काम, पण हात मासळीच्या पाट्या उचललेल्या घरातले, असे भक्कम की अविनाशांना कुशीवर वळवताना त्यांना कळायचंही नाही. "नऊ दिसात पयल्यांदा कायतरी मांगलं. तुजं नको बोलले ते मनावर नका घेव. आमचा सासरा बुधाजी, त्याला ताप आला ना, का सगल्या घराला शिव्या देतो. बरा झाला का काय आठवत नाय त्याला."

"मनावर कशाला घेऊ?" कुमुद म्हणाली आणि आत आली.

तुरीची डाळ धुताना पाणी तिसऱ्यांदा बदललं तरी ढवळंच येत होतं. ती दमली होती. पाय दुखत होते म्हणून नव्हे. पाय तर गेली दहा वर्षं दुखतात. हे दमणं वेगळं. एखाद्या कीर्तनात बुवा पूर्वरंगच लांबवत बसतात, निरूपणावर निरूपण, दृष्टांतावर दृष्टांत, मांडी बदलून बदलून माणूस वाट बघतो की आता बुक्का लागेल, आता हार पडेल, आता आख्यान सुरू होईल; आणि ते होतच नाही. नऊ दिवस तसे. तळ्याकाठच्या देवळात दर गुरुवारी कीर्तन असतं, ते कुमुदने वर्षानुवर्षं चुकवलेलं नव्हतं. तिथली तिसऱ्या खांबाजवळची जागा लोक तिच्यासाठी सोडायचे. या गुरुवारी ती जागा कोणी घेतली असेल? झांजा वाजायला लागल्या की तिच्या मानेमागे काहीतरी सैल व्हायचं, डोळ्यांना पाणी यायचं, उगाच, चांगल्या गोष्टीलाही आणि वाईटालाही. परवा सवयीने फोनवर एक कीर्तन लावलं होतं आणि पेटीचा पहिला सूर येताच बंद केलं. रडायला बसायची वेळ नव्हती.

पण तुझं नको म्हणजे काय? ते दर रविवारी कोणाचं खात होते मग? मुलगा सत्यजीत चार-पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. ते नुकतेच नवीन पनवेलला राहायला आले होते आणि अविनाश तळोज्याच्या रंगांच्या कारखान्यात लागले होते. संध्याकाळी घरी आले की शर्टाला तो गोडसर, घशाशी बसणारा वास, नखांच्या कडेला कधी निळं तर कधी पिवळं. जेवणाबद्दल हा माणूस बोलायचाच नाही. फक्त एकदा, पाय धुताना, म्हणाले, "आमच्या कॅन्टीनला आज इडली-सांबार होतं. काय सांबार असतं!" बस. त्यांच्या तोंडून अन्नाबद्दल निघालेलं ते सगळ्यात मोठं वाक्य. कुमुदने ते जपून ठेवलं आणि पुढच्या रविवारी सांबार केलं. विचारायचं कोणाला? तिने आपलं डोकं चालवलं. तुरीची डाळ, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, एखादं वांगं. आंबट हवं म्हणून आमसुलं. आंबट आलं म्हणजे पाठोपाठ गूळ आलाच. आणि डाळीत गोडा मसाला नाही घालायचा तर काय घालायचं? वाटीभर सांबार आणि दोन इडल्या बाळकृष्णासमोर ठेवल्या, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि मग पानं घेतली. "कसं झालंय?" "बरं झालंय." दर रविवारी हाच प्रश्न, दर रविवारी हेच उत्तर, इतकं की पुढे पुढे तिने विचारणं सोडलं तरी ते उत्तर द्यायचे. मुलगा मोठा झाला, पुण्याला गेला, सून आली, अविनाश निवृत्त झाले. रविवारचं सांबार चुकलं नाही. आता मात्र, डाळीचं पाणी चौथ्यांदा ओतताना, तिला लिंबू आठवलं. ते प्रत्येक वेळी अर्धं लिंबू मागायचे. आमटीवर कधी लिंबू पिळलं नाही, सांबारावर पिळायचे, दोन बोटांत धरून, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग डोळे बारीक करून एक घोट घ्यायचे, जसं काही लांबून येणाऱ्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करतायत. तिला वाटायचं, आवडीने घेतायत.

त्यांच्या फोनमध्ये नाव होतं : काशीराम कॅन्टीन. तिने बराच वेळ त्या नावाकडे पाहिलं. मग लावला.

"साहेब! काय आठवन केली?" पलीकडून आवाज आला, मागे लहान मूल रडत होतं.

"मी बोलतेय. अविनाशांची मिसेस."

"वैनी?" आवाज एकदम खाली आला. "साहेब... बरं हाय ना सगलं?"

तिने सांगितलं. पडले कसे, ऑपरेशन, नऊ दिवस, नळी. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की ती हे सगळं एखाद्या दुसऱ्या घरातलं असल्यासारखं सांगतेय. "आज सांबार मागितलं त्यांनी. तुमचं."

काशीरामने रडणाऱ्या नातीला दुसऱ्या कोणाकडे तरी दिल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "माजं कसलं वैनी. मी हितल्या कोन गावचा मानूस, मना काय येत होतं? आमच्याकडं अण्णा होते, केरलातल्या पालघाटचे. त्यांनी मना धा वर्सं नुसती भांडी घासाला लावली, मंग एक दिस बोलले, ये, उबा ऱ्हा. ते गावाला गेले आन् मी तसाच उबा ऱ्हायलो, बावीस वर्सं. लिवून घेता काय? नाय, नका लिवू. आयका. धने, चन्याची डाल, लाल मिरची, मेथी जराशीच, नायतर कडू होतंय. सगलं खोबरेलात भाजायचं, खायचं खोबरेल हां, डोक्याचं नाय. खोबरं शेवटाला. मंग वाटायचं. गोडा मसाला घालता काय तुमी?"

"नाही," कुमुद म्हणाली. एवढ्या सफाईने खोटं बोलता येतं हे तिला माहीत नव्हतं.

"गूल?"

"चिमूटभर."

"नका घालू. बारके कांदे घ्या, भोपला घ्या, शेंगा मागाहून. चिंचेच्या पान्यात मसाला पयला उकलायचा, कच्चा वास गेला पायजे, मंग डाल. हिंग जास्ती."

"चिंच किती घ्यायची?"

"ते कसं सांगू?" काशीराम हसला. "चिंचेला माप नाय वैनी. जुनी काली चिंच येगली, नवीन येगली. एका झाडाची गोड, दुसऱ्याची नुसती दात आंबवनारी. चाखायचं. जराशी घालायची, चाखायचं, थांबायचं, परत चाखायचं. जीभ बोलंल बस, तवा बस. अण्णा तं सांबार होईस्तवर आर्दी वाटी असेच पिऊन टाकायचे." मग त्याला काहीतरी आठवलं आणि आवाजात पुन्हा ऊब आली. "साहेब तीन-तीन वाट्या घेयाचे. मी बोलायचो, साहेब, वैनीला सांगा की घरी कराला. तं बोलायचे, आमच्या घरी नाय रे होत सांबार."

कुमुदने फोन ठेवला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली की चौथी, तिला कळेना. घरी होत नाही. म्हणजे रविवार झालेच नव्हते? ती भल्या पहाटे उठून आंबलेल्या पिठाला हात लावायची, भोपळ्याची सालं काढायची, ते सगळं त्या माणसाने कॅन्टीनच्या बाकावर बसून एका वाक्यात पुसून टाकलं होतं, आणि घरी येऊन बरं झालंय म्हणत होता. रागवावं असं तिला वाटलं. राग शोधूनही सापडेना. सगळीकडे नुसता थकवाच होता, गादीखाली, फळ्यांवर, डोळ्यांच्या मागे. वाईट कशाचं वाटलं, तर याचं, की काशीरामला ही गोष्ट माहीत होती. कोन गावात नात सांभाळत बसलेल्या माणसाला ठाऊक होतं की साहेबांच्या घरी सांबार होत नाही, आणि ते ज्या घरात होत नव्हतं त्या घरात ती एकटीच ते करत होती.

निशा खाली जाऊन केरळवाल्याच्या दुकानातून खोबरेल तेल, बारके कांदे, हिंग घेऊन आली. "दुकानदार इचारत होता, कोन मद्रासी पाव्हना आलाय काय? मी बोलले, आलाय ना, बिछान्यावर झोपलाय." तेल कढईत पडलं तशी तिने नाक मुरडलं. "ईऽ काकू, आंगोलीच्या दिसाचा वास येतोय. आता काकांना उटनं पन लावायचं काय?" कुमुदला हसू आलं आणि हसताना बरगडीत कुठेतरी दुखलं. खरंच तसाच वास होता, दिवाळीच्या पहाटेचा, सत्यजीतच्या ओल्या डोक्याचा. मग त्यात धने पडले, मिरची पडली, आणि तो वास बदलत बदलत असा काही झाला की या स्वयंपाकघरात तो कधी आलेलाच नव्हता. तिच्याच ओट्यावर, तिच्याच कढईत, आणि तिला परक्याच्या घरी वाट चुकून आल्यासारखं वाटत होतं. नेहमीच्या स्वयंपाकात हात आपले आपण चालायचे. मीठ किती, ते चिमटीला ठाऊक. आमटी झाली की नाही, ते उकळीच्या आवाजावरून कळायचं. तिची आई म्हणायची, चवीला जीभ कशाला लागते, बाईचा हात असतो की. देवाला दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही, उष्टं होतं. आईने लावली नाही, कुमुदने लावली नाही. लग्नानंतर तिच्या हातून शिजलेला प्रत्येक घास आधी बाळकृष्णाला गेला, मग अविनाशांना, मग मुलाला; आणि तिच्यापर्यंत यायचा तेव्हा तो कोमट झालेला असायचा, आणि दिवसभराचा शीण त्याच्यात कालवलेला असायचा, आणि कसा झालाय हे बघण्याइतकं तिचं त्याच्याकडे लक्ष नसायचं.

बरणीतली चिंच जुनी होती, काळी, बोटाला चिकटणारी. तिने लिंबाएवढा गोळा भिजवला, कोळला, आणि मसाला घालून पाणी उकळायला ठेवलं. पाण्याला फेस आला. कच्चा वास गेला का? कसा असतो कच्चा वास? हात ओट्यावर नुसते पडून राहिले. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"चव बघा ना," निशा म्हणाली.

"नैवेद्य व्हायचाय अजून."

"देवाला पन सांबार?" निशाने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. "मंग इडली नको काय त्याला? बरं, तुमाला चालत नसंल तं मी बघू?"

"नको!"

तो आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. निशाने पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदराला पुसला, त्याला काही लागलेलं नसताना. "तसं नव्हे गं," कुमुद घाईघाईने म्हणाली. "कोणीच नाही. मीसुद्धा नाही. आधी देवाचं."

"नाय, मी काय बोलले?" निशा म्हणाली. मग जरा वेळाने, पण हसूनच, "आमी तं कालवन हातावर घेऊनच बघतो. देवाला आंबट लागलं, तं तो बोलनार थोडाच हाय." आणि ती अविनाशांना कुशीवर वळवायला बाहेर गेली.

कुमुदने डाळ घातली, भोपळा घातला, शेंगा घातल्या. वरून एक विमान गेलं, खिडकीची काच बारीकशी थरथरली. बोलणार थोडाच आहे. वाफ तोंडावर येत होती. उष्ट्या बोरांचं आख्यान तिने किती वेळा ऐकलं असेल? म्हातारी एकेक बोर चाखते, गोड तेवढं देवासाठी ठेवते, आणि बुवा त्या जागी तबला थांबवतात, नुसती वीणा. पूर्ण मंडपात नाक ओढल्याचे आवाज. कुमुद दर वेळी रडली. दर वेळी पदराने डोळे पुसत घरी आली, आणि घरी येऊन न चाखता आमटी केली. मंडपातली ती म्हातारी आणि हा ओटा यांची गाठ तिच्या मनात एकदाही पडली नव्हती. आणि आज पडली तरी तिला समाधान वाटेना. ती देवासाठी चाखत होती. मी कोणासाठी? सोमवारसाठी. नळी नको म्हणून. घरी होत नाही म्हणून सांगणाऱ्या माणसासाठी. असल्या कारणाने मोडलेला नेम देव कोणत्या खात्यात घेतो? तिने वळून देव्हाऱ्याकडे पाहायचं ठरवलं आणि पाहिलं नाही. पाठ तशीच ठेवून तिने पळीतलं थोडं सांबार डाव्या तळहाताच्या खळग्यात ओतलं. चटका बसला. तिने ओठ लावले.

आधी काही कळलंच नाही, नुसतं गरम. मग जबडा दोन्ही बाजूंनी आत ओढला गेल्यासारखा झाला, कानापर्यंत. आणि त्या आंबटामागून मिरची आली, मिरचीमागून धन्यांचा भाजका वास, आणि या सगळ्याच्या मध्ये एक मोकळी जागा होती, कोणीतरी यायचं राहिलंय अशी. मीठ. मीठ कमी होतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चिमटीने नाही, आवाजाने नाही. तिने मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा तळहात. आता हिंग. पुन्हा. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडाला पाणी सुटलं. भूक होती ती. नऊ दिवस ती काय खात होती? पेजेच्या तळाशी राहिलेलं, चहाबरोबरचं बिस्कीट, एकदा उभ्याने दहीभात. तिने वाटी घेतली, भरली, आणि गॅससमोर उभी राहून, फुंकर मारत, सगळं सांबार पिऊन टाकलं. भोपळ्याची फोड बोटांनी उचलून खाल्ली. देवाच्या आधी. घरातल्या माणसाच्या आधी. नाक वाहत होतं, ते पदराला पुसलं. मग दुसरी वाटी भरली आणि ती घेऊन बाहेर गेली. देव्हाऱ्यासमोरून जाताना तिने मान खाली घातली आणि पावलं मात्र थांबवली नाहीत.

निशाने उशा लावून अविनाशांना उठतं केलं होतं. कुमुद पलंगाच्या कडेला बसली. पहिला चमचा ओठांना लागला तेव्हा ते उघडतील असं तिला वाटलं नव्हतं. उघडले. सांबार तोंडात गेलं आणि तिथेच राहिलं. गालांची कातडी हलली नाही. मग गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"नैवेद्य दाखवलास?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"नाही."

"विसरलीस?"

"नाही." तिने वाटी मांडीवर ठेवली. "चाखलं. आधी मी चाखलं."

अविनाशांनी डोळे उघडले. नऊ दिवसांत पहिल्यांदा ते तिच्याकडे पाहत होते. तिच्या तोंडाकडे, पदरावरच्या पिवळ्या डागाकडे.

"मग बोलायला हरकत नाही," ते म्हणाले. आवाज घशातून घासत येत होता. "आंबट झालंय."

"काय?"

"आंबट. आणि शेंगा आधी टाकल्यास. गळून गेल्या."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"देवापुढचं असायचं ते." त्यांना दम लागला, थांबून पुन्हा म्हणाले, "प्रसादाला नावं ठेवतात का, अगं?"

निशा फिस्सकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. सगळ्या स्वयंपाकाची पानं, सणावारांची, डब्यांची, रविवारची, कुमुदच्या डोळ्यांसमोरून सरकत होती, आणि प्रत्येक पानासमोर हा माणूस हात जोडल्यासारखा गप्प बसलेला. तिने देवाला मध्ये बसवलं होतं. मग हा बिचारा बोलणार कुठून?

"काशीरामला सांगितलंत, घरी सांबार होत नाही म्हणून."

"होत नव्हतंच. आमटी व्हायची."

लागलं ते. छातीत, अगदी बरोबर जागी. तिने चमचा भरला आणि पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं, घेतलं, गिळलं.

"आणखी?" ती म्हणाली. "बोला की. नुसतं सांबारच का?"

ते आठवत राहिले. कपाळावर बारीक आठी आली, ऑफिसचं काम घरी आणल्यावर यायची तशी. "शिऱ्यात वेलची फार."

चमचा.

"खिचडी... चिकट. साबुदाण्याची."

चमचा.

"काकू, ऱ्हाऊ द्या आता," निशा म्हणाली. "काका तुमचं समदं काढतील."

"काढू दे," कुमुद म्हणाली. गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. प्रत्येक शब्द लागत होता, आणि प्रत्येक शब्दामागून एक घास आत जात होता. वाटीचा तळ दिसायला लागला तशी तिने निशाला खूण केली, भांडं इकडेच आण. मग वाटीत पुन्हा सांबार घेतलं, फुंकर मारली, चमच्याच्या टोकाला जीभ लावून ऊन किती ते पाहिलं, आणि तो चमचा अविनाशांच्या ओठांजवळ नेला.

"आणि कढी?" तिने विचारलं.